पाच वेळा ‘काहून’

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या वडिलांचे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मेहकरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर आहेत, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्या जिवावर. ‘कंपाउंडर’ हा शब्द आज मी न अडखळता लिहिला, त्याला मात्र कारण एक वेगळीच बाई आहे. हे लिहिणं त्या बाईंबद्दल आहे.

डब्लिनला एम.एस्सी. करायला आलो तेव्हा मी त्यांच्या घरी राहायला होतो. चेरीवूडच्या थांब्यावर ट्राममधून उतरून वीस मिनिटं चढ चढला की त्यांचं घर. वरच्या मजल्यावरची लहान खोली माझी. बाई मूळच्या नागपूरच्या, पन्नाशी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या. शहराबाहेरच्या एका औषधांच्या कारखान्यात त्या गुणवत्ता तपासणीच्या विभागात होत्या. पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हणालो, तर त्यांनी विचारलं, “मी तुझ्या कोणत्या काकाची बायको?” मला उत्तर सुचलं नाही. त्यांनाही दुसरं नाव सुचलं नाही. म्हणून काकूच राहिल्या.

काकूंनी कारखाना घरी आणला होता. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असे: काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत खायचं, आणि कुणी केलं त्याची आद्याक्षरं. चिठ्ठी नसलेला डबा दुसऱ्या दिवशी रिकामा होऊन, धुतला जाऊन प्रेसमध्ये उपडा पडलेला दिसे. (इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि काकूही म्हणत.) माझी एक अख्खी वांग्याची भाजी अशी गेली. मी तक्रार केली तेव्हा त्या म्हणाल्या, “लिहिलं नाही म्हणजे झालं नाही. भाजी झालीच नव्हती, तर गेली कुठून?”

वरणात मीठ घालताना दोघांनी हजर राहायचं. एकाने घालायचं, दुसऱ्याने पाहायचं. मी लायब्ररीतून उशिरा आलो की वरण अळणी असे आणि काकू शेजारी मिठाचा डबा घेऊन बसलेल्या असत. माझ्या टेबलावर त्यांना एकदा शाई खोडायचा पांढरा पेन सापडला. त्यांनी तो दोन बोटांत मेलेल्या पालीसारखा धरून केराच्या डब्यात टाकला. “या घरात हे नाही चालायचं. चूक झाली तर एक रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर ते लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. झाकायचं नाही.”

आणि त्यांचं ते ‘काहून’. कारखान्यात काही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारायचा नियम असतो म्हणे, म्हणजे खरं कारण सापडतं. काकू तिथे इंग्रजीत विचारत असतील. घरी त्या वऱ्हाडीत विचारत. दूध उतू गेलं. काहून? लक्ष नव्हतं. काहून? फोनवर होतो. काहून? मित्राचा फोन आला होता. काहून? परीक्षेची तारीख बदलली. काहून? “ते मला काय माहीत काकू, विद्यापीठाला विचारा!” मी ओरडलो. त्यांनी शांतपणे शेगडी पुसायला फडकं माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्यापीठाला खरंच ईमेल केला आणि तारीख का बदलली ते विचारलं. उत्तरही आलं.

पहिले दोन महिने मला त्यांचा भयंकर राग येत असे. इतक्या लांब आलो, आणि इथेही वर्गशिक्षिका. आज मला राग येतो तो दुसऱ्याच माणसांचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

अमेरिकेतल्या कॉलेजांत असते तसली फ्रॅटर्निटी, म्हणजे विद्यार्थ्यांचं बंधुमंडळ, आयर्लंडमध्ये नसते. पण आमच्या कॉलेजातली तीन-चार मुलं एक वर्ष अमेरिकेत शिकून आली होती आणि परत येताना त्यांनी ही हौस सोबत आणली होती. विद्यापीठाच्या यादीत त्यांच्या मंडळाचं नाव नव्हतं. वय जेमतेम पाच वर्षांचं. बोलायची मात्र अशी, की जणू आठ-नऊशे वर्षांपूर्वी नॉर्मन लोक आले तेव्हापासून हे चालू आहे. एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणायचं, विशिष्ट टाय लावायचा, वर्षातून चार मेजवान्या. आणि दर सत्राला वर्गणी. तिला ते ‘ड्यूज’ म्हणत.

माझ्या प्रयोगशाळेतल्या एका मुलाने मला त्यात यायला सुचवलं. म्हणाला, “तुझ्यासारख्याला आम्ही शोधतच होतो.” नोकऱ्या कशा मिळतात ते त्याने समजावून सांगितलं. डब्लिनच्या बॉल्सब्रिज या श्रीमंत भागातल्या कचेऱ्यांमध्ये आमचे जुने ब्रदर्स आहेत, मार्क सगळ्यांनाच असतात, ओळख लागते. मला हे पटलं. मेहकरला तलाठ्याच्या दाखल्यालासुद्धा ओळख लागते, तर बॉल्सब्रिजला का नाही लागणार? मी आबांना फोन केला आणि सांगितलं, “माझी इथल्या एका मोठ्या मंडळावर निवड झाली.”

‘निवड’. हा शब्द माझा. तिथे कुणी कुणाला निवडत नव्हतं. जो पैसे भरे तो ब्रदर होई.

आबा म्हणाले, “मोठी मानसं बोलावून राह्यली तर नाही म्हनू नको. पैशाचं पाहू आपन.” आणि त्यांनी पाहिलं. त्यांच्या अडीच महिन्यांच्या पगाराएवढी ती पहिल्या सत्राची वर्गणी होती. कोट भाड्याने घ्यायचा तो वेगळा. टाय विकत घ्यायचा तो वेगळा. मी कमावत नव्हतो. माझ्या अंगावरचा स्वेटरसुद्धा आबांच्या पैशाचा होता. हे मंडळाच्या लोकांना माहीत होतं, कारण त्यांनी मला विचारलं होतं, “घरचे मॅनेज करतील ना?” वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी दुसऱ्याच्या बापाच्या खिशाची चौकशी करावी आणि आपण ती करू द्यावी, याचा मला आज विचार केला तरी संताप येतो.

पहिली मेजवानी एका हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी झाली. आम्ही पाच नवे होतो. चौघे बाहेरच्या देशांतले, आणि पाचवा मेयोकडच्या एका खेड्यातला आयरिश मुलगा. काळे कोट, गळ्यात बो. आत गेल्यावर कळलं, की पहिल्या मेजवानीला नव्यांनी वाढायचं असतं. “परंपरा आहे,” खजिनदार म्हणाला. पाच वर्षांची परंपरा.

वाढायला माझी काहीच हरकत नव्हती. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत घरचीच माणसं वाढायला उभी असतात, आणि त्यात मान असतो. पण शेवटची पंगत वाढप्यांची बसते आणि तिला यजमान स्वतः वाढतो. इथे आम्ही पाच जणांनी तीन पदार्थ वाढले, ताटल्या उचलल्या, आणि मग खजिनदाराने सांगितलं, की किचन बंद झालं. तुम्ही बाहेर काहीतरी खा. सगळे हसले. मेयोचा मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, “इट्स ओन्ली अ बिट ऑफ क्रेक,” म्हणजे गंमत आहे, मनावर घेऊ नको. म्हणताना त्याचे कान लाल झाले होते. आम्ही दोघांनी समोरच्या दुकानातून चिप्स घेतल्या आणि भाड्याच्या कोटात, बस थांब्यावर उभं राहून खाल्ल्या.

कुणीतरी काढलेला माझा एक फोटो मी घरी पाठवला. माझ्या हातातला ट्रे त्यात दिसत नव्हता. तेवढं पाहूनच मी तो निवडला होता.

आठवड्याने माझ्या बहिणीने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. मेहकरच्या बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला होता. बारा फुटांचा. मध्ये मी, काळा कोट, गळ्यात बो. वर ‘हार्दिक अभिनंदन!’ खाली डॉक्टरांचा, मुख्याध्यापकांचा आणि नगरसेवकाचा फोटो. आणि पुढच्या शनिवारी माझ्या जुन्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आबांचा सत्कार, शाल आणि श्रीफळ. बहिणीने खाली लिहिलं होतं, ‘आबा दुसऱ्या हप्त्यासाठी डॉक्टरांकडून उचल घेणार आहेत. सत्कारानंतर बोलतो म्हणाले. तेव्हा डॉक्टर नाही म्हणणार नाहीत ना.’

रविवारची सकाळ होती. मी स्वयंपाकघरात फोन हातात धरून बसलो होतो. काकू पोह्यांसाठी पोहे वजन करून घेत होत्या.

“काय झालं? चेहरा काहून असा?”

मी फोन पुढे केला. काकूंनी चष्मा लावून फ्लेक्स शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. “बाप्पा! तू तर आमदार दिसून राहिला.” मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. “कशावर निवड झाली म्हणे?”

मी सगळं सांगितलं. वर्गणी, कोट, वाढणं, चिप्स. काकूंनी गॅस बंद केला. त्यांना इतकं रागावलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. “पोट्टे पैसे घेऊन ताटं उचलायला लावतात? आणि उपाशी पाठवतात? अरे, तुरुंगातसुद्धा जेवू घालतात!” त्या उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि एक छापील कागद घेऊन आल्या. कारखान्यात उत्पादन बिघडलं की भरतात तसला अहवालाचा नमुना त्यांनी घरासाठी तयार केला होता. दूध उतू गेलं तेव्हाही माझ्याकडून भरून घेतला होता. “लिही. काय झालं, आणि काहून झालं.”

“काकू, आता हे नको.”

“आताच. पुढच्या शनिवारी तुझा बाप स्टेजवर जाणार आहे. मग भरशील का?”

मी ‘कारण’ या रकान्यात लिहिलं, ‘मंडळाने फसवलं.’ काकूंनी त्यावर एक रेघ मारली, सही केली, तारीख टाकली. “हा राग आहे. राग बरोबर आहे, मलेही येऊन राहिला. पण या रकान्यात राग बसत नाही. पैसे कोणी भरले?”

“मी. म्हणजे आबांनी.”

“काहून?”

“नोकरीसाठी ओळख होईल म्हणून.”

“काहून? तुले मार्क नाहीत?”

“मार्क आहेत. पण आमच्यासारख्यांना मार्कांवर नाही मिळत.”

“आमच्यासारखे म्हणजे?”

“म्हणजे... साध्या घरचे.”

“हे त्यांना कोणी सांगितलं, की तू साध्या घरचा आहे?”

“नाही सांगितलं.”

“काहून नाही सांगितलं?”

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. काकूंनी हात पुढे केला. “तू काही तरी भरलं असशील ना. फॉर्म दाखव.”

फॉर्मचा फोटो फोनमध्ये होता. तो दाखवायचा नव्हता, पण त्या बाईंपुढे नाही म्हणायची माझी तयारी झाली नव्हती. त्यांनी तो मोठा करून पाहिला. नाव, पत्ता, आवडी. मग ‘वडिलांचा व्यवसाय’. एका मंडळाला सभासदाच्या बापाचा धंदा कशाला हवा, हे विचारायचंही मला तेव्हा सुचलं नव्हतं. त्यापुढे मी लिहिलं होतं, ‘मेडिकल’.

काकूंनी फ्लेक्सचा फोटो परत उघडला आणि बोट ठेवलं. माझ्या नावाखाली, माझ्या नावाहूनही ठळक, लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘आपल्या सर्वांचे लाडके कंपाउंडर साहेब यांचे सुपुत्र’.

“गावाने बारा फुटांवर लिहिलं,” काकू म्हणाल्या, “आणि तुले एका रेघेत नाही लिहिता आलं.”

मला रडू आलं. त्यांनी धीर वगैरे दिला नाही. उलट त्यांनी चौकशी सुरू केली. आबा नेमकं काय करतात? मी सांगितलं: इंजेक्शनची तयारी, ड्रेसिंग, गोळ्या मोजणं, पावडरच्या पुड्या बांधणं. किती वर्षं? चौतीस. पुड्या चुकल्या कधी? मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. डॉक्टरांचं अक्षर फक्त आबांनाच लागतं, आणि दोनदा तर डॉक्टरांनी लहान मुलाला मोठ्या माणसाचा डोस लिहिला होता तो आबांनी पुडी बांधण्याआधी परत आत नेऊन दाखवला होता. आमच्या घरी ही गोष्ट फक्त एकदा निघाली होती. आबांनी लगेच विषय बदलला होता.

“चौतीस वर्षांत एक चूक नाही,” काकू म्हणाल्या. “आमच्या प्लांटला असा माणूस मिळाला, तर मी माझी खुर्ची देईन. आणि तू त्याच्याकडून पैसे घेऊन त्याले लपवलं.”

त्यांनी ‘कारण’ या रकान्यावर बोट ठेवलं. मी लिहिलं. काय लिहिलं ते पुढे येईलच. त्या रकान्यावर त्यांनी रेघ मारली नाही.

सोमवारी दुपारी काकू रजा टाकून कॉलेजात आल्या. अंगात पिवळा रेनकोट, हातात वही. मला वाटलं होतं, त्या पैसे परत मिळवून देतील. खजिनदार कॅन्टीनमध्ये भेटला. सभ्य मुलगा, गालांवर पुटकुळ्या. काकूंनी त्याला बसवलं आणि पैसे परत मागितले; ते मिळत नाहीत म्हणाला, तेव्हा विचारलं, की हे कुठे लिहिलं आहे?

“लिहिलेलं नाही,” तो म्हणाला. “ते समजूनच असतं.”

“कोणाला समजलेलं असतं? याला समजलं नाही. पैसे दिले त्या वडिलांना समजलं नाही. मग उरलं कोण?”

तो गोंधळला. म्हणाला, दुसऱ्या सत्राचे ड्यूज आपण माफ करू, इट्स ग्रँड, म्हणजे काही अडचण नाही. काकू म्हणाल्या, “तू मागणं थांबवतो आहेस. त्याला परत देणं म्हणत नाहीत.” पण पैसे खर्च झाले होते, हॉटेलला गेले होते. ते कधीच परत आले नाहीत. पुढे काकूंनी तीन पत्रं पाठवली, एकालाही उत्तर आलं नाही. दीड वर्षाने ते मंडळही बंद पडलं. मला त्याचा आनंद झाला, आणि झाला हे लपवायची मला गरज वाटत नाही.

त्या दिवशी मी एक गोष्ट मागितली. माझा फॉर्म. खजिनदाराने तो फायलीतून काढला. मी ‘मेडिकल’वर एक रेघ मारली, बाजूला ‘कंपाउंडर’ लिहिलं, सही केली, तारीख टाकली आणि खाली लिहिलं, की मी सभासदत्व सोडत आहे.

“कंपाउंडर म्हणजे काय?” त्याने विचारलं. त्याच्या आवाजात टिंगल नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, “डॉक्टर लिहितात, ते औषध हे तयार करून रोग्याच्या हातात देतात. आणि डॉक्टर चुकले तर त्यांना सांगतात.”

परत येताना ट्राममध्ये मी काकूंना म्हणालो, की पैशांचं मात्र काही झालं नाही. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मनातून मला वाटत होतं, की त्या म्हणतील, घे माझ्याकडून, सावकाश दे. त्यांना सहज जमलं असतं. त्या म्हणाल्या, “आज मंगळवार नाही ना? मंगळवारी कचऱ्याची गाडी येते.” मला परत राग आला. इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवशी त्यांनी नुसतं विचारायला तरी हवं होतं असं मला वाटतं. मी आता त्याच चेरीवूडला एका कंपनीत आहे. ओळखीने लागलो नाही. काकू निवृत्त होऊन नागपूरला परतल्या. मागच्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो, तर चिवड्याच्या डब्यावर चिठ्ठी होती, आणि वरणात त्यांनी मीठ घातलं तेव्हा मला बोलावून समोर उभं केलं.

त्या सोमवारी सत्काराला पाच दिवस उरले होते. फोन करून उपयोग नव्हता. आबा फोन कायम स्पीकरवर ठेवतात, आणि दवाखान्यातले सगळे पेशंट पोराची खुशाली ऐकतात. मी हाताने पत्र लिहिलं, त्याचा फोटो बहिणीला पाठवला, आणि तिला सांगितलं, की छापून आण, घडी घाल, आबांच्या हातात दे, आणि तू वाचू नको. तिने अर्थातच वाचलं. ते पत्र असं होतं:

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

माझी निवड झाली नव्हती. पैसे भरून कुणालाही घेतात तसं मला घेतलं. ते मंडळ चांगलं नव्हतं आणि मी ते सोडलं आहे. तुमचे पैसे गेले. परत मिळणार नाहीत. डॉक्टरांकडून उचल घेऊ नका, दुसरा हप्ता आता नाही.

तो फोटो आहे ना, त्यात मी लोकांना वाढत होतो. ट्रे खाली होता.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. त्यांच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारला होता. मी कंपाउंडर लिहिलं नाही. असं लिहिलं, की वाचणाऱ्याला तुम्ही डॉक्टर वाटावेत. मला लाज वाटली होती. तुमची. हे इथे लिहितो आहे कारण दुसरं कुठलंही कारण लिहिलं तर ते खोटं होईल. कुणी मला तसं लिहायला सांगितलं नव्हतं.

आता फॉर्म दुरुस्त केला आहे. पण तुम्ही शनिवारी स्टेजवर जाल तेव्हा तुम्हाला हे माहीत असावं. शाल माझ्यासाठी असेल तर कृपा करून घेऊ नका. तुमच्या स्वतःच्या कामासाठी देत असतील तर घ्या. निवडीची बातमी चुकीची होती, हे मी मुख्याध्यापकांना वेगळं पत्र लिहून कळवतो आहे, तुम्हाला सांगायची पाळी येऊ नये म्हणून. फ्लेक्स उतरवायलाही सांगितलं आहे.

हे आईला वाचून दाखवा. डॉक्टरांना दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी ‘दाखवा’ असं म्हणायला हवं, पण माझ्याने अजून म्हणवत नाही.

तुम्हाला राग आला तर फोन करून मला बोला. स्पीकर चालू ठेवून बोललात तरी चालेल.

तुमचा मुलगा